ओळीतली दोन मोकळी घरं

दुपारी पावणेतीनच्या सुमारास नवीन जालन्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कूलरचं पाणी संपलं आणि आत नुसती कोरडी हवा फिरू लागली. पाणी भरायचं म्हणून दीपमालानं खुर्ची मागे सरकवली, पण ती उठली नाही. खिडकीखाली बियाण्यांच्या दुकानांसमोर टेम्पो लागले होते. हमाल खोक्यांवर खोके चढवत होते. स्टेशनाकडून येणाऱ्या रिक्षांचे हॉर्न उन्हात वितळून त्यांचा एकच लांबट आवाज झाला होता. मे सरत आला होता, आणि सहा वाजेपर्यंत तिला दोनशे बारा विहिरी नव्या संगणकावर पोचवायच्या होत्या.

विहिरी म्हणजे त्यांच्या नोंदी. चौदा वर्षांपूर्वी भूजलाच्या एका प्रकल्पात जिल्हाभरच्या निवडक विहिरींच्या कठड्यांवर लोखंडी पेट्या बसवल्या होत्या. पेटीतून एक नळी तळापर्यंत गेलेली. दर दहा मिनिटांनी, कठड्यापासून पाणी किती सेंटिमीटर खाली आहे, ते पेटी मोजायची आणि मोबाइलच्या जाळ्यावरून ऑफिसला धाडायची. आता जुना संगणक मोडीत निघणार होता. त्यातलं सगळं नव्यात ओतायचं, एवढंच काम.

पण ओतणं सरळ नव्हतं. पेट्यांमधला जुना मेंदू कुठलाही आकडा लिहिताना त्याचा मोठा भाग आधी ठेवायचा आणि लहान भाग नंतर. नवा संगणक लहान भाग आधी आहे असं धरून वाचायचा. मग अकराशे चाळीस हा साधा आकडा पडद्यावर एकोणतीस हजार सातशे होऊन उभा राहायचा. साठ फुटी विहिरीत पाणी तीनशे मीटर खाली. पहिल्या दिवशी ते पाहून भुजंग पोट धरून हसला होता. पेट्यांची दुरुस्ती करत चौदा वर्षं जिल्हा पालथा घातलेला माणूस. टेबलाच्या कडेला पानाची पुडी ठेवून बसायचा.

"मॅडम, तुमचं मशीन पाणी न्हाई, पाताळ मोजून राह्यलं," तो म्हणाला होता.

ती अडचण दीपमालानं दोन दिवसांत सोडवली. दुसरी अडचण खरं तर अडचण नव्हतीच. जुन्या मेंदूला प्रत्येक नोंद आठ घरांच्या ओळीत बसवायची सवय होती. चार घरांत वेळ, दोन घरांत पाण्याची पातळी, आणि शेवटची दोन घरं मोकळी. पुढची ओळ नेमक्या जागी सुरू व्हावी, एवढ्यासाठीच ती सोडलेली. अशा घरांत कुणी काही लिहीत नाही, पण म्हणून ती स्वच्छ असतात असंही नाही. भाडेकरू गेलेल्या खोलीत भिंतीवर खिळा राहतो, कोनाड्यात तेलाचा डाग राहतो, तसं आधीचं काहीबाही त्यांत पडून राहतं. कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दीपमाला कितीतरी वेळ वहीत बघत बसली होती. कुणी न लिहिलेली, कुणी न वाचायची जागा. आणि तरीही भरलेली.

दोनशे अकरा विहिरींच्या मोकळ्या घरांत तसाच केरकचरा होता.

एकशे सत्तेचाळीस क्रमांकाच्या विहिरीत नव्हता.

ती त्यांचीच विहीर. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे, वस्तीला लागून असलेल्या दोन एकरांतली. गावच्या पाण्याला हात लावता येत नव्हता त्या काळात तिच्या आजोबांनी ती पहारीनं खोदायला घेतली होती. सुरुंग लावला नव्हता. काळा पाषाण वीतवीत फोडत ते खाली गेले होते. भिंतीत पाय रोवायला त्यांनी पाडलेल्या खोबण्या अजून होत्या, पण त्यांतून आता कुणी उतरत नसे. पेटी बसवायला साहेब आले तेव्हा दीपमाला दहावीत होती. त्यांच्या मांडीवरचा संगणक पाहूनच तिनं पुढचं शिक्षण ठरवलं होतं.

तिनं त्या मोकळ्या घरांतले आकडे मोठा भाग आधी धरून, पातळीसारखेच वाचले. १८२०. पुढची ओळ, १८२०. त्याच्या पुढची, १८२०. दर दहा मिनिटांनी एक, दिवसाला एकशे चव्वेचाळीस, अशी दोन वर्षं नुसती अठराशे वीस. पाणी पावसाळ्यात चढलं, उन्हाळ्यात उतरलं. शेजारच्या दोन घरांतला आकडा हलला नाही. विहिरीची खोली अठरा मीटर वीस सेंटिमीटर होती, हे तिला पाहावं लागलं नाही. ते तिला पाठ होतं.

मग एका मे महिन्यात तो आकडा दोन तासांत सोळाशे पंचावन्न झाला, आणि तिथं थांबला.

"भुजंगदादा, तुमची वही बघू."

भुजंगच्या वहीत कुठली पेटी कधी बंद पडली, कुठल्या विहिरीवर काय काम चाललं, ते तारखांनिशी असे. एकशे सत्तेचाळीसच्या पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात सहा वेळा एकच शब्द होता. गाळ. गाळ काढायच्या दिवसाच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत, म्हणून तिचे वडील, आबा, दरवेळी आठवणीनं फोन करून कळवायचे.

तिनं सहा तारखा आकड्यांशेजारी ठेवल्या. सोळाशे पंचावन्न. तेराशे नव्वद. हजार साठ. सातशे. चारशे दहा. दोनशे साठ. बाकीची सगळी वर्षं आकडा मुरून बसलेला. हलायचा तो फक्त गाळाच्या दिवशी, फक्त दुपारी, आणि फक्त वरच्या, कठड्याच्या दिशेनं.

तिनं ओढणीला हात पुसले, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसले.

कारण गाळाची त्यांच्या घरची रीत तिला ठाऊक होती. मजूर उतरण्याआधी घरचा कर्ता माणूस एकटा उतरणार आणि झरा मोकळा करणार. झऱ्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. आणि तो खाली असेपर्यंत वरून कुणी डोकावायचं नाही. कडेचा एखादा खडा पायाखालून सुटला तरी खालच्याचं डोकं फुटतं, म्हणून. आजोबांपासून हे चालत आलं होतं. म्हणजे आबा दरवेळी दीड-दोन तास तळाशी एकटे असायचे. आणि पहिली खेप सोडली, तर जे काही होतं, ते त्यांच्या डोक्यावर असायचं. त्यांच्या आणि उजेडाच्या मध्ये.

"काय झालं? तोंड का असं पडलं?" भुजंगनं विचारलं.

"आज आमच्याकडं गाळ काढणं चाललंय," ती म्हणाली.

साडेतीनला आबांनी फोन उचलला. मागे गाळ वर ओढायच्या यारीचं इंजिन फटफटत होतं.

"जय भीम, बाई. बोल जल्दी. यारीवाला येऊन बसलाय."

"आबा, आज नका उतरू."

"का बरं?"

नोंदीत कुणी न लिहिलेल्या जागेत एक आकडा आहे, हे तिनं कोणत्या शब्दांत सांगायचं? "मशीनमध्ये कायतरी येऊन राह्यलं. मला तपासू द्या, मंग उतरा. उद्या उतरा."

"उद्या यारी भोकरदनला चालली. आठ दिवस मिळायची न्हाई. झरा बुजलाय, तुझी माय दोन घागरीवर दिवस काढून राह्यली." आबा हसले. "तुझ्या मशीनला धक्का लागू देत न्हाई, बिलकुल. ते वर, मी खाली. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, त्याला काय तपासती का तू?"

"आबा, ऐका तरी."

"ऐकलं. संध्याकाळी करतो फोन. हा फोन तुझ्या मायजवळ देतो."

फोन आईच्या कमरेच्या पिशवीत गेला असावा. लुगड्याची सळसळ, इंजिन, आणि मग काही नाही.

चार वाजता आलेल्या नोंदीत दोनशे साठ होतं. चार दहाला दोनशे अडतीस.

तिनं पुन्हा फोन लावला. आईनं तो बराच वेळानं घेतला.

"माय, आबा कुठं हायत?"

"कुठं म्हंजे? उतरले की. मी कठड्यापाशी बसलेय, लिंबाखाली."

"त्यायला आवाज दे. वर या म्हण."

"अगं झरा फोडून राह्यलेत ते. पहारीचा आवाज येतोय. ऐक." आईनं फोन बहुधा कठड्याकडे धरला. खोल कुठूनतरी लोखंडाचा दगडावर पडणारा ठोका येत होता. एक. मध्ये बरंच अंतर. एक.

"माय, एकदा वाकून बघ."

आई आवाज खाली आणून म्हणाली, "तुला काय झालं गं आज? डोकावत न्हाईत, म्हाईत न्हाई का तुला? तुझ्या आज्यानं मला या घरात आल्याच्या पहिल्या साली सांगितलंय. चांगल्या दिवसाचं असलं काय बोलती."

चार वीस. दोनशे पाच.

भुजंग तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. त्यानं पान थुंकून टाकलं होतं आणि तो हसत नव्हता. पडद्यावरच्या ओळी त्यानं बोटानं एकेक करून वाचल्या.

"पेटी बिघडली, दुसरं काय," तो म्हणाला. "सेन्सरचाच आकडा कुठूनतरी पाझरून तिकडं पडून राह्यला."

"सेन्सर पाण्याचा आहे. पाणी सतराशे पंच्याण्णववर आहे, तळाशी. हे काय मोजतंय?"

चार तीसची नोंद आली. एकशे साठ.

"मंग शून्य भरा," भुजंग म्हणाला. "मोकळ्या घरात शून्य भरायचं म्हणून तुम्हीच सगळ्याला सांगता ना? पेटीला हुकूम धाडा, ओळ लिहायच्या आधी पूर्ण पुसून घे म्हणावं. झंझट मिटलं."

ही त्यांच्या कामातली पहिली शिकवण होती. आपण लिहिलेलं नाही असं काही नोंदीत राहू द्यायचं नाही. मोकळ्या घरांत शून्य भरायचं, मग वाचणारा कुठल्याही बाजूनं वाचो. शून्याला मोठा भाग नसतो, लहान भाग नसतो. उलटं करा, सुलटं करा, ते शून्यच. दीपमालाला त्या क्षणी त्या गोलाकार निर्मळपणाची अशी काही ओढ वाटली, की तिनं विचार केला नाही. तिला तो आकडा नको होता. तिच्या बापाच्या डोक्यावर तिला काहीही नको होतं.

तिनं हुकूम लिहिला. तोवर चार चाळीसची नोंद आली, एकशे दहा. विहीर एकशे सत्तेचाळीस. बटण दाबताना तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजून चव्वेचाळीस.

पेटीनं उत्तर दिलं: स्वीकारलं.

चार पन्नासची नोंद आली. वेळ, पाण्याची पातळी, आणि त्यापुढे शून्य.

भुजंगनं मोठा श्वास सोडला. "बघा. उगाच जीव वर-खाली." त्यानं जाऊन कूलरमध्ये बादली ओतली. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. दीपमालानं डोळे मिटले. खाली कुणीतरी टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारून "जाऊ दे" म्हणालं.

तिनं डोळे उघडले तेव्हा तिची नजर टेबलावरच्या जुन्या माहितीपत्रकावर होती. प्रकल्पाच्या सुरुवातीला छापलेलं, विहिरीची आकृती असलेलं. बाणाचं टोक तळाकडे होतं. बाणाची सुरुवात जिथं, तिथं लिहिलं होतं: मापनाचा आरंभ, कठड्याची वरची कड. शून्य.

ती उठून उभी राहिली.

या विहिरींच्या भाषेत शून्य म्हणजे काही नसणं नव्हतं. शून्य म्हणजे कठडा. तिनं ते पुसलं नव्हतं. तिनं ते वर घेतलं होतं.

फोन लागेपर्यंत ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, परत गेली.

"अगं, आत्ताच आले वर," आई म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं, आणि आनंदही. "ऐक गंमत. यारीवाला चहा प्यायला गेल्ता. दोर हलवला न्हाई, आवाज दिला न्हाई. मी इकडं तोंड करून बसले, अन् मागं बघते तर कठड्यावर हात."

"मंग यारी?"

"यारी कशाची! खोबण्यायनी आले. भिंतीच्या. तुझ्या आज्यासारखे. साठ फूट, अन् दम बी लागला न्हाई."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं नाव न्हाई. टणाटण चालत घराकडं निघाले बघ, माझ्या पुढं. पहार बी खालीच राह्यली त्यायची. तीन तांबे पाणी प्याले गं. उभ्यानं."

"माय, ते काही बोलले?"

"दमले असतील."

पाचची नोंद आली.

मोकळ्या घरांत आता शून्य नव्हतं. तिथं अठराशे वीस होतं, विहिरीचा तळ.

दीपमालानं पुन्हा हुकूम पाठवला. ओळ पुसून घे. पेटी म्हणाली, स्वीकारलं. पाच दहा: अठराशे वीस. तिनं पुन्हा पाठवला. स्वीकारलं. पाच वीस: अठराशे वीस. आता शून्य तिथं टिकत नव्हतं.

"भुजंगदादा, गाडी काढा."

"कुठं?"

"विहिरीवर. दोर घ्या. तुमची बॅटरी घ्या."

भुजंगनं किल्ल्या उचलल्या. "टाकीत पेट्रोल भरून येतो. पाच मिनिटं. तुम्ही खाली या," म्हणाला. जिन्यावर त्याच्या चपला वाजत गेल्या. तिनं पिशवी खांद्याला लावली. पण पाय पडद्यासमोरून निघेनात. फोन तिच्या हातात वाजला. घरून.

"तुझे आबा बोलतो म्हणून राह्यलेत," आई म्हणाली. "घे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पलीकडे श्वासाचा आवाज नव्हता. धाप नव्हती. तव्याचा आवाज होता, शेळीचा होता, आईच्या बांगड्यांचा होता. एवढं सगळं स्पष्ट येत होतं.

"आबा?"

"हं." आवाज आबांचाच होता. फार नीट. "त्या मशीनचं काम झालं आता. काढून न्या म्हणावं."

"का, आबा?"

"विहीर बुजवायची."

"बुजवायची? आज्याची विहीर? अन् झरा?"

"पाणी न्हाई तिच्यात. काहीच न्हाई. यारीवाला हाय, मुरूम हाय. उजेड हाय तोवर सुरू करतो." आणि मग, जरा वेळानं, कुणीतरी शिकवल्यासारखं, "बाई."

फोन बंद झाला.

खालून भुजंगच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. पिंपळगाव रेणुकाईला पोचायला, कितीही केलं तरी दीड तास. तिनं आईला फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. पडद्यावर पाच तीसची नोंद येऊन गेली होती, आणि ती तिनं पाहिली नव्हती.

पाच तीस: १८१९.

ती जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

पाच चाळीस: १८१८.

दर दहा मिनिटांना एक सेंटिमीटर. नखाएवढं. पावसापाण्यानं बुळबुळीत झालेल्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वी पहारीनं पाडलेल्या खोबणीत बोटं घालून, कुरकुरत्या गुडघ्याच्या माणसानं अंग वर ओढावं, तेवढंच.

हॉर्न आता थांबत नव्हता. दीपमालानं मोबाइलवर नोंदी उघडल्या आणि जिना उतरू लागली. भिंतीला हात लावत, नजर हातातल्या आकड्यावर ठेवून.

पाच पन्नास: १८१७.

चौफुलीवर सिग्नल लागला होता. समोरच्या ट्रकमधून सिमेंटची धूळ उडत होती. भुजंग मान वळवून काहीतरी विचारत होता. ते तिला ऐकू आलं नाही.

सहा: १८२०.

खोबणीतून बोटं सुटली होती.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न देऊ लागले. भोकरदनच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं पडद्यावरून नजर काढली नाही.

सहा दहा: १८१९.